आईच्या खात्यावरचा जर्मन बँड

प्रिय ठमे,

फोनवर आपण दोघं 'जेवण झालं का, झोप लागते का' यापुढे जात नाही. मग कुणीतरी रेंजला दोष देतं आणि ठेवून देतं. म्हणून लिहायला बसलोय. आज दुकान लवकर बंद केलं. एका बाईंच्या चष्म्यात काच दोनदा तिरकी बसली, तेव्हा म्हटलं, आज हाताला सुट्टी देऊ.

ऐकून हसशील, पण मला एक पॉवर मेटल, म्हणजे त्या धडधडाटी रॉकचा, अल्बम आवडलाय. तुझी आई दवाखान्यातून आली की बूट काढायच्या आधी तिची ती गाणी लावायची, आणि मी स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचो, तोच मी. पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखे ते ड्रम. दिवसभर लोकांच्या दातांत ड्रिल फिरवून कान किटत नाहीत का, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ड्रिलला ताल नसतो, म्हणून तर, असं म्हणून तिने आवाज आणखी वाढवला होता.

बँड जर्मन आहे. त्याचं नाव कधी कानावर पडलं नव्हतं, आणि अजूनही मला ते धड उच्चारता येत नाही. एका अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं आहेत, तिथे जीभ अडखळते. गाणी वादळांची, तलवारींची, बुडालेल्या शहरांची. वाचायला गेलं तर निव्वळ पोरखेळ. पण गाणारा माणूस असा काही वर चढतो की आता याचा गळा फाटणार असं वाटावं, आणि तेवढ्यात बाकीचे सगळे खालून त्याला उचलून धरतात. एका गाण्यात दीपगृहाचा राखणदार आहे. जहाजं यायची थांबली तरी तो दिवा लावतो. ते ऐकताना मी भांडी घासत होतो. नळ वाहतच राहिला. गाणं संपल्यावर मान आपोआप मागे वळली, 'हे ऐकलंस का' म्हणायला.

तिने ते ऐकलेलं नाही, ठमे. ती गेल्यानंतर निघालेला अल्बम आहे तो.

मला तो मिळाला तिच्या फोनवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपवर. फोन मी बंद केलेला नाही. बँकेला कळवलं, दवाखान्याला कळवलं, तिच्या पेशंटांनाही एकेक करून कळवलं. पण त्या गाण्यांच्या यंत्राला कुणी कळवलंच नाही. ते अजून तिचं नाव घेऊन नमस्कार करतं आणि खास तिच्यासाठी म्हणून नवी गाणी काढून ठेवतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आपल्याकडे तिची आवड इतकी नेमकी ठाऊक असलेलं दुसरं कोण उरलं होतं?

एकदा मी त्यावर माझी जुनी भावगीतं लावली. दुसऱ्या दिवशी तिच्या नावाखाली तसलीच गाणी पुढे आली. जणू कुणी तिच्या कपाटातले कपडे सरकवून माझे शर्ट टांगले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी फक्त तिचंच संगीत लावतो, त्या यंत्राला तिचा विसर पडू नये म्हणून. बरेच दिवस औषध घ्यावं तसं ऐकत होतो. हा जर्मन अल्बम आला आणि पहिल्यांदाच दुसऱ्या दिवशी घरी यायची घाई झाली. त्या घाईची आधी लाज वाटली. मग वाटलं, इतकी वर्षं ती मला बोलावत होती, मीच दाराआड बसलो होतो.

काल मावशीचा फोन आला. तिने सांगितलं, आपल्या घरच्या सामाईक खात्यावर तुला आईचं नाव उजळलेलं दिसलं, 'आत्ता ऐकत आहे' असं. तू ऑफिसच्या जिन्यात बसून राहिलीस आणि मग फोनच बंद केलास. बाबाला काही सांगू नकोस असंही तू तिला बजावलंस. मावशीच्या पोटात काही राहत नाही, हे बरंच आहे. ठमे, तो मी होतो. रोज मीच असतो. तुला नको असेल तर ते खातं बंद करतो, मनात काही न ठेवता. पण त्याआधी एकदा तो दीपगृहवाला ऐक. आईच्या खात्याचा पासवर्ड तुलाही ठाऊक आहे, तिथूनच ऐक. इथे मी तिचा फोन समोर ठेवून, काही न लावता बसलेला असेन. गाणं मी लावलेलं नसेल आणि तरी तिचं नाव उजळलं, तर मी समजेन की पोरगी घरी आली.

तुझाच, अजून भांडी घासताना मान डोलावणारा
बाबा