शिवकन्येची मान

४ ऑक्टोबर २०१८, उमापूर

टँकरवर आज सगळ्या बायांसमोर थोरली जाऊ बोलली – "पोरीच्या मानेवर मळाचे थर हायेत. दुष्काळ पडला म्हणून आंघोळ बी घालत न्हाईस का गं?" बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शिवकन्या तिथंच उभी. अकरा वर्षांची, वजन अठ्ठावन्न किलो. आधीच खाली मान घालून चालती लेकरू माझं.

ध्यानात ठेवलंय. याचा वचपा काढल्याशिवाय राहणार न्हाई मी!

५ ऑक्टोबर

टाचा घासायच्या वज्रीनं घासली मान. एक अख्खी बादली गेली. रक्त आलं – काळं गेलं न्हाई. "आई, बास," म्हणली. मी थांबले न्हाई. वड्याचं तेल वांग्यावर काढलं.

१२ ऑक्टोबर

बीडला नेलं, लेकरांच्या डॉक्टरीणबाईकडं. उपाशीपोटी रक्त घेतलं.

"मळ नाही तो. घासू नका. हिच्या अंगात इन्सुलिन भरपूर बनतंय, पण वाढलेल्या वजनामुळं शरीर त्याला दाद देत नाही. म्हणून मान काळी पडते. रक्तातली साखर अजून काठावर आहे. गोड बंद करा, रोज खेळवा. नाहीतर लवकरच मधुमेह होईल."

एसटीत तिच्या मानेवरच्या खपल्याच बघत बसले. मीच केल्यात. पण करायला लावलं कुणी?

१ नोव्हेंबर

कारखान्याची सभासदांची दिवाळीची साखर आली, पंचवीस किलो. घरात नको म्हणून सगळी जाऊकडं पाठवली. का पाठवली ते सांगितलं न्हाई. डॉक्टरचा कागद बी दाखवला न्हाई. ती म्हणली, "मन लई मोठं हाय गं तुझं."

तिची मुक्ता बी आता गुबगुबीत व्हायलीय. खा म्हणलं मनात. काळी होऊ दे तिची मान, मग मी बी बोलते टँकरवर.

२० नोव्हेंबर

मुक्ताची मान रोज बघते. अजून काही न्हाई.

१४ डिसेंबर

पुन्हा तपासणी. शिवकन्येचं वजन तीन किलोनं वाढलं, साखर बी वाढली. डॉक्टरीणबाई माझ्याकडंच बघायल्या. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं – घरात साखरेचा कण न्हाई.

१५ डिसेंबर

जवळ घेऊन विचारलं. आधी रडली, मग बोलली – "शाळेतून येताना मोठीआई रोज हाक मारती. रव्याचे लाडू देती. म्हणती, तुझी आई तुला उपाशी मारायलीय, खा बाई पोटभर."

मुक्ताला गोड आवडत न्हाई म्हणे. सगळे हिलाच.