टेकडीवरची माझी एक्केचाळीस झाडं

१ ऑगस्ट
आजपासून टेकडीवरची देशी झाडं ओळखायला शिकणार. तीस वर्षं गोदामात माल ओळखला, तिथे झाडं ती काय! आमची ही गेली सहा वर्षं झाडांच्या ग्रुपमध्ये जाते आणि अजून शिकतेच आहे. मी महिन्यात उरकणार. लेकीला फोनवर सांगून टाकलं की ३१ तारखेच्या ग्रुपच्या टेकडी-फेरीला गाइड मीच. तिच्या सासूबाईंना घेऊन येते म्हणाली. गाइड कोण हे ग्रुप चालवणाऱ्या बाई २४ला ठरवणार आहेत, पण ती किरकोळ बाब.

२ ऑगस्ट, सकाळी ७
भिंग, टोपी, नवे बूट. बूट चावतात. बाईंनी प्रत्येकाला लाल फितीचं रीळ दिलं. फीत कशासाठी ते सांगत होत्या, पण ते नवख्यांसाठी असणार. मी तेवढ्यात चहा पिऊन आलो.

६ ऑगस्ट
ही म्हणते, पान बघा, देठ बघा, चुरगाळून वास घ्या. अशाने जन्म जाईल. मला नियम सापडलाय. जे कोणी लावलं नाही, ज्याला कोणी पाणी घातलं नाही, तरी माजलंय, ते इथलंच. मालक असल्याशिवाय कोणी एवढे पाय पसरत नाही. हिला सांगितलं. ही भाजी चिरायची थांबली. पटलेलं दिसतंय.

१३ ऑगस्ट
पाऊस. गेलो नाही. भिंगाने पेपर वाचला. तोही सरावच.

१९ ऑगस्ट, सकाळी ११
एक्केचाळीस देशी झाडं ओळखली! विसरू नये म्हणून प्रत्येकाला लाल फीत बांधली. ही तासभर खडकाआड एका बोटभर रोपापाशी बसून. त्याला कळी आलीय म्हणे. म्हटलं, देशी असतं तर एवढं मरतुकडं राहिलं असतं का.

२३ ऑगस्ट
उद्या निवड. लेकीने पुन्हा विचारलं की गाइड नक्की मीच ना. लहानपणी ती सगळं मला विचारायची. हल्ली आईला विचारते. वाईट वाटतं. म्हणून तर हा खटाटोप.

२४ ऑगस्ट, सकाळी ९
माझ्या एक्केचाळीसांपैकी एकही जागेवर नाही. ग्रुपच्या माळ्याने काल सगळी मुळासकट उपटली. जाब विचारला, तर म्हणाला की लाल फीत म्हणजे उपटायचं, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेवढ्यात बाई आल्या, ढीग बघितला आणि माझे दोन्ही हात धरले. बाहेरून येऊन देशी झाडांना गिळणारं तण, म्हणाल्या, एकूण एक बरोबर ओळखलंत. सहा वर्षांत कोणाला जमलं नाही. मी नम्रपणे मान झुकवली. हिने माझा नियम पोटातच ठेवला. तेवढं मात्र मानलं हिला.
गाइड ही झाली.

३० ऑगस्ट
हिने लेकीला फोनवर माझा नियम सांगितला. मायलेकी बराच वेळ हसत होत्या. विषय दुसरा असावा.

३१ ऑगस्ट
ही पुढे, लेक आणि तिच्या सासूबाई मागोमाग, शेवटी मी, माळी आणि पाण्याच्या बाटल्या. खडकाआडच्या रोपाला जांभळं फूल आलंय. मीही वाकून बघितलं. सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. परतताना लेकीने आपणहून मला विचारलं, की बाबा, या उतारावर देशी कुठलं वाटतं. ऊर भरून आला. भिंगही न लावता एका डेरेदार झुडपाकडे बोट दाखवलं.
तिने माळ्याला हाक मारली.