वरच्या बर्थचे आठ स्क्रू

३ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तू माझ्या माघारी गाड्यांच्या दुकानात फोन केलास, म्हणून हे पत्र. काल मी मोटरहोमची नोंदणी करायला गेले, तर विक्रेता म्हणाला, घरच्यांचं अजून ठरत नाहीये असं तुमच्या भावाने कळवलंय. माझ्या घरात मी एकटी. तेव्हा घरच्यांचं ठरलेलं आहे.

तीन गाड्या पाहिल्या. पहिलीत न्हाणीघर, सोफा, सहा जणांचं टेबल. ती मागे घेताना मी दुकानाची कुंडी फोडली, चूक माझी. दुसरीच्या पाण्याच्या टाकीचं झाकण माझ्या हाताला येईना. तिसरी लहान आहे. तिच्यात मी ताठ उभी राहू शकते, सिलिंडर माझा मी बदलते, आणि अरुंद गल्लीत ती एका दमात वळते. जे मला एकटीला उचलता, वळवता, बंद करता येत नाही, ते मला नको. तिसरीच घेतेय. पुन्हा फोन केलास तर कान धरायला येईन. आता गाडी असेलच.

सौ.ला आशीर्वाद.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न.

कान सांभाळून लिहितोय. फोन काळजीपोटी केला. एकसष्टाव्या वर्षी तू पहिल्यांदाच एकटी निघणार, तेही गॅस उशाशी घेऊन. भाऊजी असते तर मी चकार शब्द काढला नसता.

एवढं तरी ऐक. त्या गाडीत वर दुसरा बर्थ आहे म्हणे. (हो, पुन्हा फोन केला.) पहिल्या खेपेला मी येतो. माझं घोरणं तेवढं चालवून घे. हिला विचारलं तर ही नुसती हसते.

तुझा धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

गाडी दारात उभी आहे. तीस वर्षं मी कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळली. चाळीस पोरं, चाळीस बर्नर. एका सिलिंडरची भीती मला घालू नकोस. आणि तुझे भाऊजी असते तर गाडी त्यांनी निवडली असती, मी शेजारी नकाशा धरून बसले असते. तू आलास तरी तेच होईल. तुझी काळजी खरी आहे, पण खेप माझी आहे.

सुताराकडून वरचा बर्थ काढून घेतला. तिथे आता पुस्तकं. बर्थ सगळ्या सामानासकट तुझ्याकडे पाठवलाय, हौसेने झोप. सोबत गाडीची दुसरी किल्ली आहे. ती सौ.च्या हातात दे, स्वतःकडे ठेवू नकोस. सोमवारी निघते.

माया आहे तेवढीच राहू दे, चौकशा कमी कर.

तुझी ताई

१९ मार्च

ती. वन्संना सा. न.

सामान पोचलं. गाडीला हवा भरायचा पंप लागेल म्हणून हे सकाळीच बाजारात गेलेत. तो घेऊन उद्या येतील. तेवढा घ्या. पहिली फेरी तुमची एकटीचीच. दुसरीचं आपण दोघी मग बोलू.

यांच्या ताब्यात दिलं: फळी एक, गादी एक, बिजागऱ्या दोन.
माझ्या ताब्यात ठेवलं: किल्ली एक, स्क्रू आठ.