धुऱ्यावरचे पाय

सोमवार, १४ जुलै

उद्या कॉलम द्यायचा आणि हातात काही नाही. सकाळपासून नेटवर नुसती भटकंती. एक बाई जुन्या बटणांचे मासे करते. कुणी एकजण रस्त्यावर पडलेले एकेकटे हातमोजे टिपत फिरतो. कुणी दगडांसाठी खुर्च्या बनवतो, त्या बऱ्या आहेत, पण चिमण्यांसाठीचे सोफे मागच्या वर्षीच लिहून झाले. दिलीप दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला आला तेव्हा मी फोनवरच. "भेटलं का आजचं खूळ?" नाही.

दुपारी भेटलं. 'धुऱ्यावरचे पाय' नावाचं खातं. मातीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले प्लास्टरचे तळवे. धुऱ्यावरच्या ओल्या चिखलात पाऊल उमटलं की त्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की उचलायचं. (नागपूरच्या वाचकांसाठी: धुरा म्हणजे धानाच्या बांधीचा, खाचराचा, बांध.) प्रत्येक पायाखाली एकच ओळ. 'ही घागर डाव्या कमरेवर घेते.' 'हा इथं थांबला, मागे पाहिलं, मग गेला.' 'हिला घाई नाही, भीती आहे.'

जगभरचं पाहून झालं आणि हे धुरे आपल्याकडचे निघाले. मेसेज टाकला आहे.

मंगळवार, १५ जुलै

बोलले. मुलीचं नाव प्रणाली. एकोडीच्या पलीकडच्या टोलीतली. दिलीपची थोरली बहीण, सुमनताई, तिथंच दिलेली. म्हणजे घरचंच गाव, आणि मला पत्ता नाही.

नागपूरला चित्रकला शिकत होती. वडील गेल्यावर अर्ध्यातून परत. आता आई, ती आणि तलावाखालची थोडी शेती. वडील वनमजूर होते. पूर्वी वाघांच्या मोजणीला ठसे प्लास्टरमध्ये घ्यायचे, तेव्हाची ठशाभोवती लावायची पत्र्याची कडी घरात पडून होती. "बाबा वाघाचे घ्यायचे. वाघ एखाद्या वेळी येतो, तर त्याचा पाय जपून ठेवत. माणसं रोज जातात, त्यांच्याकडे कोणी पाहत नाही."

चौकटीसाठी तिचंच वाक्य घेतलं: "धुतलं तरी रेघांमध्ये थोडी माती राहते. ती मी राहू देते. तेवढा माणूस त्यात आहे."

एकच अट. "ताई, गावाचं नाव नका टाकू." कबूल. तिनं तीन फोटो निवडून पाठवले. संध्याकाळी पुरवणीतून मेघाचा फोन, हे तिन्ही थंड आहेत, नजर थांबेल असं काही नाही का? तिच्या खात्यावरून एक उचलला. सहा बोटांचा. तिथं तो सगळ्यांना दिसतोच आहे. वेळेत पाठवलं.

रविवार, २० जुलै

छान लागलं पान. फोटो अर्ध्या पानाचा. सकाळपासून फोन. बऱ्याच दिवसांनी कॉलमवर लोक मनापासून बोलले. गावाचं नाव कुठंही नाही, दोनदा तपासलं होतं.

दुपारी प्रणालीचा मेसेज. 'छान लिहिलं ताई.' थोड्या वेळानं दुसरा. 'तो फोटो मी दिला नव्हता.' मी कळवलं, तोच सगळ्यांत चांगला होता. वाचलेलं दिसतंय. उत्तर नाही.

संध्याकाळी सुमनताई. "वहिनी, पेपरातला पाय आमच्या श्रीपतचा व्हय." हसत होत्या. कसं ओळखलं? "सहा बोटं अजून कोनाचे रायतीन?" श्रीपत म्हणजे त्यांच्या गल्लीतला, शेजारधर्म पाळणारा माणूस, पाहिलाय मी. मग हसणं थांबलं. "पन पावलं मातीसकट उचलली म्हनून लिहिलं तुम्ही. ते खरं हाय का?"

मंगळवार, २२ जुलै

सुमनताई बँकेच्या कामाला लाखनीला आल्या होत्या. दोन दिवसांची झड, अंगणात चिखल. फाटकापासून दारापर्यंत विटांवर पाय देत देत आल्या. मला वाटलं, पातळ भिजू नये म्हणून.

चहा झाल्यावर निघालं. "मानसाच्या पायाची माती उचलत नाही, वहिनी. कोनी उचलली तं कायच्यासाठी उचलली, हे साऱ्यायले मालूम असते." मी समजावलं, करणीबिरणी काही नाही. प्लास्टर, वाघ, वडील, कला. शेवटी म्हणाल्या, "तुमचं बरोबर हाय. मले फक्त पाहून सांगा, माहा पाय हाय का त्यात?"

दोघींनी मिळून खातं पाहिलं. त्यांनी आपला पाय सतरंजीवर काढून ठेवला, फोनजवळ, ताडून पाहायला. दिलीप म्हणाला, "ताई, तुह्या पायाले बाजारात चप्पल भेटत नाही, इतकं प्लास्टर कुठून आनन ते?" त्या हसल्या नाहीत. एका भेगाळ टाचेपाशी थांबल्या. खालची ओळ मीच वाचून दाखवली, घागरीची.

"डाव्याच कमरेवर घेतो मी," म्हणाल्या.

जातानाही विटांवरून गेल्या.

शुक्रवार, २५ जुलै

श्रीपतला भंडाऱ्याला नेलं. पाय गुडघ्यापर्यंत सुजला. तोच पाय. डॉक्टर म्हणाले, चिखलात काहीतरी लागलं, जखमेतून जंतू गेले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत दरवर्षी कुणाला तरी होतं. दरवर्षी होतं. हे दोनदा लिहिलं गेलं, राहू दे.

दवाखान्याआधी झाडफूक करण्यात दिवस घालवले. ते कुणी मोजत नाही. मोजतात तो पेपरातला पाय.

दिलीपला म्हटलं, प्रणालीला आणि तिच्या आईला इकडे आणू का? "आनलं तं पळून गेल्या म्हनतीन." मग बराच वेळ हिशेबाच्या कॅल्क्युलेटरशी खेळत बसला. "अन् नाही आनलं तं…"

सोमवार, २८ जुलै

प्र.चा फोन. आवाज अगदी सपाट.

लोक आपापला पाय मागायला येतात. पहिला गमतीनं आला. दुसऱ्या दिवशी बाया आल्या, त्या गमतीनं नाही. ती देते. पण नेलेल्या पायाचं करायचं काय, हे कुणालाच माहीत नाही. घरात ठेवायचा नाही. फोडायचा तर स्वतःचा पाय स्वतः कोण फोडणार? तलावात टाकायलाही कुणी धजत नाही. म्हणून तलावाच्या पारीवर, बांधावर, नेऊन ठेवतात. तळवे वर करून. एकानं ठेवला, मग सगळ्यांनी त्याच्या बाजूला. आता त्या पारीवरून कुणी जात नाही.

"ते जाऊ द्या ताई. रोवणी राहिली आहे."

पऱ्हे, धानाची रोपं, तयार होऊन केव्हाचे उभे, पिवळे पडायला लागले. सगळ्यांच्या बांध्या लावून होत आल्या. हिच्याकडं एक बाई येत नाही. आई आणि ती, दोघींनी एक कोपरा लावला. मजुरी वाढवून पाहिली का, विचारलं. "पैशाचं नाही ते." पोलिसांत जाऊ या, मी येते सोबत, जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. "कायदा आहे, ताई. पण तक्रार देऊन राहायचं तर इथंच आहे."

त्या फोटोबद्दल ती काही बोलली नाही. बोलेल म्हणून मी थांबले होते.

बुधवार, ३० जुलै

पारीवरच्या पायांचा फोटो कुणीतरी नेटवर टाकला. वर राखाडी आभाळ, मागे तलाव, मध्ये पांढरे तळवे. फोटो सुंदर आहे, हे मान्य करावं लागेल. दिवसभरात कुठल्या कुठं गेला. कुणी म्हणतं मांडणशिल्प, कुणी म्हणतं मूक निषेध. कुणाला तिथं जायचंय, लोकेशन मागतायत. कुणी लिहिलंय, 'गावानं मिळून केलेली कला.'

हेही खरंच. गावानं मिळूनच केलं.

मेघा आनंदात. "ताई, दुसरा भाग या रविवारी? हे तर आपणच शोधलं." नाही म्हटलं. "मग काय देताय? काल द्यायचा होता." बटणांचे मासे. तासाभरात लिहून दिले. कॉलम नेटका झालाय. वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

सकाळी उघडलं म्हणून दिलीपच्या गाडीवर टोलीला.

आधी दिसले ते धुरे. बांध्यांत माणसं होती, पोतं पांघरून वाकलेल्या बाया होत्या, आणि धुऱ्यांवर एकही पाऊल नाही. मग एक बाई चालताना पाहिली. मागे केलेल्या हातात पळसाची फांदी, ती ओढत चाललेली. आपलं पाऊल आपणच पुसत. तिच्या मागची दुसरीही तसंच. दिलीपनं गाडी हळू केली.

ताईंच्या ओट्यावर चपला काढून ठेवल्या, चिखलात रुतत होत्या. प्र.चं घर तिथून चार घरं पुढं. समोरच्या ओट्यावर माणसं बसली होती. मी दिसताच बोलणं थांबलं. ताई माझ्यासोबत अंगणापर्यंत आल्या आणि दंड धरला. "वहिनी, आत नका जाऊ. तुम्ही जासान लाखनीले. मले इथंच रायचं हाय."

तिची आई दारात आली. "या ना बाई, पानी तं घ्या." म्हटलं, आभाळ येतंय, पुन्हा येईन. आभाळ येत नव्हतं.

प्र. आईच्या मागे उभी. भिंतीवर नुसते खिळे. मी अंगणातूनच सांगितलं, थोडे दिवस लाखनीला चला दोघी, घर मोठं आहे. सगळ्या ओट्याला ऐकू गेलं असणार. ती म्हणाली, "पऱ्हे कोण लावेल, ताई?" माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. खाली पाहत होती.

श्रीपतचं एक बोट काढावं लागेल म्हणतात. कुठलं ते विचारलं नाही.

सोमवार, ४ ऑगस्ट

'धुऱ्यावरचे पाय'वर नवा फोटो. पंधरवड्यानंतर पहिला.

अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब. आई म्हणायची, अशी बाई नवऱ्यावर राज्य करते. लग्नात दिलीपकडच्या बाया त्यावरून चिडवत होत्या.

खाली ओळ. 'ही आली. उभी राहिली. आत आली नाही.'

एक शब्द इकडचा तिकडं करता येणार नाही.

मग तिचा मेसेज. 'ताई, विचारलं नाही. पण तुमचाच घ्यावा लागत होता.'

मी टाइप केलं: ती माती परत कर. पाहत बसले. पुसलं. या असल्या गोष्टींविरुद्ध पेपरातल्या नोकरीभर लिहीत आले, मथळे दिले, चौकटी केल्या. पुसलं खरं. पण बोटांनी लिहिलं होतं.

दिलीपला दाखवलं. त्यानं फोन हातात घेतला, परत दिला. "तुहाच व्हय," एवढंच म्हणाला.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सकाळीच ताईंचा फोन, आणि मला सगळं कळलं.

काल प्र. तो पाय घेऊन चावडीपुढं आली. एकटी. सगळे होते. म्हणाली, हा लाखनीच्या मॅडमचा, पेपरात लिहिणाऱ्या. मातीसकट घेतलाय, तिला न विचारता. तुम्ही म्हणता तसं असेल तर तिला व्हायला पाहिजे. पाहा. आणि पाय तिथंच ठेवून घरी गेली.

कुणी काही केलं नाही तिला. मग म्हाताऱ्या बायांनी ठरवलं. "आठ दिवस पाहू म्हनतात. मॅडम चांगली राहिली तं जाऊ पोरीच्या बांधीत, एका दिवसात लावून देऊ. पऱ्हे तेवढे निघतीन अजून."

"आणि नाही राहिली तर?"

"वहिनी, तुम्हाले बरं हाय ना?"

"एकदम बरं आहे."

"मंग झालं. तबेतीले जपा. सारं गाव पाहून राहिलं तुमच्याकडं."

पोरीचं डोकं. मी जे अंगणात उभं राहून केलं नाही, ते तिनं माझ्याकडून करवून घेतलं. राग यायला हवा होता. आला नाही. तिच्याजवळ दुसरं होतं काय?

श्रीपतचं बोट काल काढलं. ताप उतरलेला नाही.

आता जे कुणालाही सांगितलेलं नाही ते. परवापासून उजवी टाच ठणकते. अंगणात काहीतरी टोचलं असणार, काटा नाहीतर शिंपलीचा तुकडा. बारीक लाल ठिपका आहे. काल मलम लावलं. आज ठिपका जरा पसरलाय, की मी सारखं पाहते म्हणून तसं दिसतंय? दिलीपला सांगितलं तर तो आत्ता गाडी काढून भंडाऱ्याला नेईल, आणि तिथं वरांड्यात श्रीपतच्या घरचे सगळे बसलेले. नागपूरला जावं तर दुकान बंद करून दोघं कुठं गेले, हे रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीला कळतं. न जावं तर, जंतू कसे वाढतात हे दहा-बारा दिवस रोज ऐकलंय.

कॉलम सकाळी देऊन टाकला. आज लाखनीचा बाजार. टोलीची माणसं येतात. पिशवी काढून ठेवलीय. भाजी घ्यायची, चार जणींशी बोलायचं, दिसायचं.

घरातल्या घरात चालून पाहिलं. टाच पूर्ण टेकवली तर दुखते, पण बघणाऱ्याला कळत नाही. चवड्यावर गेलं की लगेच कळतं. दारापासून ओट्यापर्यंत, टाच टेकवून, परत. अजून एकदा.