आतल्या खोलीतला खोकला

३ जानेवारी
आमच्या नाटकाचा सिनेमा होणार, नक्की झालं. पडदा उघडल्यापासून त्यातलं सगळं घर वडिलांबद्दलच बोलतं. वडील आजारी, आतल्या खोलीत. ते वडील मी. रंगमंचावर येत नाही, विंगेत बसून खोकतो. एकदाच, तिसऱ्या अंकात. पण त्या खोकल्यावर थोरली सून पाण्याचा पेला घेऊन उठते, ती उठली की धाकटा मुलगा म्हणतो घर विकून टाकू, आणि मग जी काही जुंपते! प्रमुख भूमिका कोणाची, हे सांगायला नकोच.
हिला सांगितलं. ही म्हणाली, अहो, घरीही तुम्ही बसून खोकण्यापलीकडे काय करता? त्याचा नाही कोणी सिनेमा काढला.

९ जानेवारी, सकाळ
संकल्प. दाढी वाढवणे. तळलेलं बंद. आजारी माणूस कॅमेऱ्यात गुटगुटीत दिसता कामा नये.
संध्याकाळ. हिने भजी केली. तळलेलं उद्यापासून बंद.

१४ जानेवारी
दिग्दर्शक भेटला. पोरगेलासा आहे, पण माणसं ओळखतो. म्हणाला, काका, तुम्ही नाही आलात तरी चालेल, खोकला आम्ही नंतर कॉम्प्युटरवरून टाकू. माझ्या प्रकृतीची केवढी काळजी. मी म्हणालो, येणारच.

२ फेब्रुवारी
शूटिंग. मला सेटच्या बाहेर खुर्ची. मोठ्या नटाला एकांत लागतो, हे या लोकांना ठाऊक आहे.
तिसरा अंक आला आणि सगळे थिजले. थोरली बसलेलीच, धाकट्याचं तोंड उघडं, मुलीचा चमचा हवेत. दिग्दर्शकाने विचारलं, काय झालं? थोरली म्हणाली, बाबा खोकले नाहीत. तो म्हणाला, खोकले असं समजा. सगळ्यांनी समजून पाहिलं. कोणी हललं नाही. धाकटा म्हणाला, इतक्या वर्षांची सवय आहे हो, जीभच उचलत नाही.
मी काय ते ओळखलं. पोरांनी माझ्यासाठी संप केला. डोळे भरून आले. शेवटी दिग्दर्शकाने हात टेकले. उद्यापासून आतल्या खोलीत मी. दाराआड का होईना.

३ फेब्रुवारी
आतली खोली म्हणजे प्लायवूडची पेटी, रंग अजून ओला.
सिनेमाला नाटकातला खोकला पुरत नाही. आज मी त्यात वडिलांचं अख्खं आयुष्य आणलं. नोकरी, लग्न, गुडघेदुखी. थोडा लांबला. थोरली उठली, बसली, परत उठली आणि पेला धाकट्याच्या मांडीवर सांडला. दिग्दर्शक म्हणाला, काका, एकदाच खोका. नेहमीसारखं.
वय लहान आहे, समजेल हळूहळू. घरी येऊन दार लावून सराव केला.

४ फेब्रुवारी
घसा बसला. ठार. कोणाला सांगितलं नाही. कलावंत कुरकुरत नाही.
ही गरम पाण्याचा थर्मास घेऊन आली आणि पेटीत माझ्याशेजारीच बसली. रंगाच्या वासाने गुदमरतंय म्हणाली. मी खुणेने गप्प केलं. तिसरा अंक आला. मी तोंड उघडलं. काही नाही. चेहऱ्यावर मात्र सगळं होतं.
तेवढ्यात ही खोकली.
थोरली उठली, धाकटा बोलला, आणि भांडण असं पेटलं की कोणाचं वाक्य कुठे संपलं आणि कोणाचं सुरू झालं ते कळेना. एका टेकमध्ये सीन. दिग्दर्शक म्हणाला, आज तुम्ही सगळे मिळून एकच माणूस होतात. धाकट्याने आत येऊन माझे पाय धरले. बाबा, आजचा खोकला काळजात घुसला.
घसा बसल्यामुळे खुलासा करता आला नाही. ही थर्मासचं झाकण लावत होती.

१० फेब्रुवारी
घसा सुटला. दार लावून सराव पुन्हा सुरू. खुलाशाची वेळ टळून गेली. शिवाय आवाज हिचा असला तरी अभिनय माझाच.

२० ऑगस्ट
सिनेमा पाहिला. सगळे एकदिलाने काम करतात, लोक डोळे पुसत होते. माझं नाव आलं की उठून रुमाल हलवायला मी तयार बसलो होतो.
शेवटी नावं आली. साऊंडवाल्याचे कान भलतेच तिखट. 'वडील' यापुढे हिचं नाव. माझं आभारात, जनरेटरवाल्याच्या खाली.
हिला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, साऊंडवाले नाव विचारायला घरी आले होते, तेव्हा तुम्ही दार लावून खोकत होतात.

२१ ऑगस्ट
दिग्दर्शकाचा फोन. पुढच्या सिनेमात आतल्या खोलीत आई आहे. ही विचार करून सांगते म्हणाली.
संकल्प. घरात प्रमुख भूमिका कोणाची, हे हिला एकदा ठणकावून सांगणे.
दुपार. ही आतल्या खोलीत पडली होती. खोकली.
मी पाण्याचा पेला घेऊन उठलो.