पहिली नळी

मंगळवार, अकरा तारीख

ताई,

नमस्कार लिहिते आहे. घ्यायचा की नाही, ते तू ठरव.

आपण लहान असताना घरात सगळ्यांना गोवर निघाला आणि मी एकटी उड्या मारत हिंडत होते, आठवतं? तेव्हा आई शेजारच्या काकूंना म्हणाली होती, "धाकटीला काही होत नाही. दुखणं हिच्या अंगावरून वाहून जातं." किती वर्षं मी ते वाक्य बक्षिसासारखं मिरवलं. हल्ली ते कुणाला सांगत नाही.

इकडे ठीक. साथ किती पसरली ते मोजायला आम्ही घरोघरी जाऊन रक्त घेतो. आजार होऊन गेला आणि माणसाला कळलंही नाही, तरी रक्तात अँटिबॉडी सापडतात. परवा एक आजोबा बाही वर करून म्हणाले, "घ्या बाई. निकाल चांगला आला तर मला सांगा, वाईट आला तर शेजाऱ्याला." मी हसले. नळीवरचा नंबर मात्र दोनदा तपासून चिकटवला.

पहिल्या दिवशी सराव म्हणून आम्ही एकमेकींचं रक्त काढलं होतं. पहिली नळी माझी. यादीत नावं नसतात, नुसते नंबर. पण एक नंबर कोण विसरेल? शनिवारी यादी आली. एक नंबरपुढे 'पॉझिटिव्ह'. लस अजून आलेली नाही, ताई. म्हणजे मला होऊन गेलाय. कधी, ते रक्त सांगत नाही.

मला सांगता येतं. भीती त्याचीच आहे.

आई आजारी पडायच्या आधी मी रोज दवाखान्यातून सुटले की तिच्याकडे जायचे, तिच्याच ताटातलं उचलून खायचे. एका बुधवारी भाजी अगदी पांचट लागली. "मीठ विसरलीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला तर खारट लागतेय. जीभ कुठे विसरून आलीस?" दोघी हसलो. दुसऱ्या दिवशीही मला चव नव्हती. तरी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले.

तू खोकत आलीस ती रविवारी.

आणि आई गेल्यावर सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले, "तू आणलास तो घरात." दादाने मान डोलावली. तू चपला घातल्यास. त्याला पाच महिने झाले.

त्या बुधवारचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आत्ता लिहितानाही मनात एक घाणेरडा विचार येतोय: तुझ्याही रक्तात सापडू दे. म्हणजे निदान आपण दोघी. तुझा खोकला नुसताच खोकला निघाला, तर मी एकटी उरते.

गुरुवारी तुझ्या गल्लीत आमची फेरी आहे. तुझं घर यादीत नाही, तरी मी येईन. माझा हात लागायला नको असेल तर सोबतची नर्स रक्त घेईल, मी जिन्यात थांबेन. निकाल काहीही येवो, तुझ्यासमोर दादाला फोन लावून बुधवारचं सगळं सांगेन.

तू नाहीच म्हणशील. तुझ्या जागी मी असते तर दारसुद्धा उघडलं नसतं. तरी, ताई, एकदा हात पुढे कर.

तुझी,
जिला काही होत नाही ती