काठीवाल्यांचा रकाना

४ ऑक्टोबर, शनिवार

सहापैकी दोन! सहा पोलादी तबकड्या, वीस पावलांवर, आणि माझ्याने दोनच पडल्या. बाकीच्या गोळ्या मागच्या टेकडीत धूळ उडवत गेल्या. थेरॉन ओरडला, "डेल, त्या टेकडीने तुझं काय घोडं मारलंय रे?" सगळे हसले, मीही हसलो. वारा फार आहे म्हणालो. गवताचं पातं हलत नव्हतं.

खरं काय ते इथे लिहितो, बाहेर कुणाला सांगणार नाही. उजवा हात थरथरतो. मार्चपासून. डॉक्टर म्हणाले, वयाची थरथर आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नाही हो, पण माझ्या शनिवारांना आहे त्याचं काय? चौतीस वर्षं कालव्यावर पाटकरी होतो. दरवाजांची लोखंडी चाकं हिवाळ्यातसुद्धा उघड्या हाताने फिरवली. तोच हा हात.

५ ऑक्टोबर

नेड्राने बटाट्याचं सूप केलं. अर्धं माझ्या पोटात, अर्धं टेबलक्लॉथवर. "थेरॉनला सांगून टाक एकदाचं," म्हणाली. "बावीस वर्षांचा दोस्त आहे तुझा. खाणार आहे का तुला?"

खाईल! बायकोला नेमबाजी क्लबातलं काय माहीत? भिंतीवर दर महिन्याला सामन्याच्या नावांचा कागद लागतो. त्यावर दोन रकाने, पिस्तूल आणि कार्बाइन. कार्बाइनला गोळी पिस्तुलाचीच, पण नळी लांब आणि दस्ता खांद्याला टेकवायचा, म्हणजे हात थकलेल्यांची सोय. थेरॉन त्यांना काठीवाले म्हणतो. तीन वर्षांपूर्वी हार्लन तिकडे गेला तेव्हा थेरॉनने त्याला लाल फीत बांधलेली काठी भेट दिली होती, भाषणासकट! हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या होत्या. ती काठी अजून कागदाशेजारी खिळ्याला टांगलेली आहे.

आता त्या काठीकडे बघवत नाही.

७ ऑक्टोबर

ठरलं. कार्बाइन घ्यायची, पण कारण वेगळं सांगायचं. "पिस्तुलाला जोड हवी." दोन्हीत एकच काडतूस, दोन्हीत गोळ्या भरायचं मॅगझिनही एकच, खिशात दोन प्रकार बाळगायची भानगड नाही. मुद्दा बिनतोड आहे. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं, माझं मलाच पटलं.

एक तारखेच्या सामन्यात नाव कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मग बघू.

९ ऑक्टोबर

थेरॉनला सांगितलं. फिंगर स्टेक, म्हणजे मांसाच्या तळलेल्या पट्ट्या खाताना, अगदी सहज. आता टोमणा येणार म्हणून मान खाली घालून बसलो. पण तो चावायचा थांबला आणि म्हणाला, "जोड म्हणून? हं. वाईट नाही कल्पना. मीही येतो. तुला एकट्याला सोडलं तर लहान मुलांचं खेळणं उचलून आणशील."

एवढंच! मग मेन्यूकार्ड माझ्याकडे सरकवून म्हणाला, "यात गोडाचे पाय कुठले आहेत, सफरचंदाचा आहे का बघ रे. चष्मा गाडीत राहिला." गेल्या आठवड्यातही त्याचा चष्मा गाडीतच होता. विसरभोळा होत चाललाय बिचारा.

११ ऑक्टोबर

जोलीनच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. तिचा बाप तिथे बसायचा तेव्हापासूनचं ओळखीचं दुकान. दुकानामागच्या चांदमारीच्या मैदानात तिने तीन कार्बाइनी मारून बघायला दिल्या.

पहिली मधोमध घडी होणारी. पाठपिशवीत मावते, पण गालाला अशी झोंबली की दाढी केल्यासारखं वाटलं. दुसरी स्वस्त, दणकट, आणि जड. जोलीन म्हणाली, "डेलकाका, हिच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच." खरं आहे, पण दर गोळीला आतला लोखंडी ठोकळा मागे येऊन खांद्यावर दार आपटल्यासारखा आपटतो. तिसरी हलकी आणि मऊ. वर काचेत लाल ठिपका. ठिपका तबकडीवर ठेवायचा आणि चाप ओढायचा, बस.

टण्ण! टण्ण! टण्ण! पाच लागोपाठ! हात थरथरत होता, पण दस्ता खांद्यात रुतलेला, गाल टेकलेला, त्याला थरथरायला जागाच नव्हती. असा आवाज ऐकून सात महिने झाले. डोळ्यांत पाणी आलं. बंदुकीच्या दारूचा धूर गेला म्हणालो.

थेरॉनने तिसरी हातातून काढूनच घेतली. "तुझ्यासाठी नीट तपासून बघतो." पन्नास गोळ्या मारल्या पठ्ठ्याने! माझ्यासाठी किती करतो. आणि ठिपका, ठिपका करत राहिला. "डेल, हा ठिपका केवढा मोठा दिसतो रे! नळीच्या टोकाची ती नेम धरायची माशी शोधत बसायला नको."

१४ ऑक्टोबर

तिसरीची मागणी नोंदवली. सरकारी फॉर्म भरायचा होता. मी चौकोनात नाव लिहायला लागलो तर अक्षरं कुंपण तोडून मेंढ्या पळाव्या तशी निघाली. जोलीनने बघितलं आणि दुसरा कोरा फॉर्म पुढे सरकवला. थेरॉन खिडकीतून बाहेर बघत होता, नशीब!

मधेच मी बाथरूमला गेलो. परत आलो तर कार्बाइनला कुठल्या पिस्तुलाचं मॅगझिन बसायला हवं वगैरे थेरॉनने सांगूनही टाकलं होतं. काम फत्ते.

२१ ऑक्टोबर

गोंधळ! कार्बाइन आली. माझं मॅगझिन खिशातून काढलं, खालून घातलं, जाईना. उलटं करून बघितलं, फुंकर मारून बघितली. मग थेरॉनने कमरेचं स्वतःचं काढून घातलं. टक्! बसलं. या पठ्ठ्याने स्वतःच्या पिस्तुलाचं नाव सांगितलं होतं!

"थेरॉनकाका," जोलीन म्हणाली, "जोड कुणाच्या पिस्तुलाला हवी होती?" त्याचे कान लाल झाले. त्याने मॅगझिन काढून परत कमरेला लावलं. मग म्हणाला, "म्हातारं तोंड, सवयीने बोललं. परत कशाला पाठवतेस? माझ्या नावावर कर. कोयोट कोल्हे माझ्या मेंढ्यांजवळ फिरतायत, मला होईल उपयोगी. डेलसाठी दुसरी मागव, त्याच्या मॅगझिनची." आणि स्वतःचा फॉर्म भरायला बसला, नाक कागदाला लावून.

माझी चूक होऊ नये म्हणून आला, स्वतः चूक केली, वर ती निस्तरली! असा मित्र मिळायला भाग्य लागतं. आणि मी त्याच्याशी खोटं बोलतोय. घरी येऊन नेड्राला सगळं सांगितलं तर ती पोट धरून हसत सुटली. यात एवढं हसण्यासारखं काय आहे, सांगेना.

२८ ऑक्टोबर

माझी आली. माझं मॅगझिन, टक्! नेड्रा म्हणाली, "भिंतीला भोकं पाडायच्या मशीनसारखी दिसते." दिसू दे.

२९ ऑक्टोबर

दुपारी कोरड्या कालव्यात उतरून जुन्या डब्यांवर सराव. सहापैकी सहा. परत सहापैकी सहा. एकटाच ओरडलो. पलीकडच्या गाईंनी माना वर केल्या.

पिस्तुलानेही मारून बघितलं. सहापैकी एक. म्हणजे आता लपवायची सोयच उरली नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

हॅलोविन. पोरं चेटकिणींचे वेष करून दाराशी येताहेत, नेड्रा चॉकलेटं वाटतेय. मी उद्याच्या कागदाचा विचार करतोय. पिस्तुलाच्या रकान्यात नाव लिहिलं तर उद्या सगळ्यांसमोर शोभा. कार्बाइनच्या लिहिलं तर काठी. काठीचंही एवढं काही नाही, भाषण ऐकून घेईन. पण बावीस वर्षं थेरॉनच्या नावाखाली माझंच नाव असतं, तिथे आता दुसरं कुणाचं येणार, ते सहन होत नाही. 

नेड्रा म्हणते, "लवकर जा. कुणी यायच्या आत नाव लिहून मोकळा हो." तसंच करतो. खोटं बोलायचं नाही. काठीवाल्यांत लिहितो.

१ नोव्हेंबर

पावणेसातला पोचलो. आत कुणी नव्हतं. खिळ्यावर काठी नव्हती. पेन काढलं, आणि बघतो तर कार्बाइनच्या रकान्यात दोन नावं आधीच लिहिलेली. वर थेरॉन, खाली डेल. अक्षरं हाताच्या पंजाएवढी, रेघा सोडून गेलेली. रेघा ज्याला दिसत नाहीत, त्याने लिहिलेली.